जिथला डबा तिथंच

करोहनचा मुक्काम मागे पडला तेव्हा ऊन चटके द्यायला लागलं होतं. महाकालाच्या पंचक्रोशी यात्रेची वाट, वैशाखाची धूळ, पुढेमागे डोक्यावर गठड्या घेतलेल्या खेड्यापाड्यातल्या बायका. मंगलाच्या टाचेला फोड आला होता, पण तिचं लक्ष जयूताईकडे होतं. भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली, पण ही बाई चालता चालता अशी कधी थांबली नव्हती. आता ती बाभळीखाली बसली आणि डबा काढायला गठडी सोडली. पातेल्यात कढई, कढईत डबा, डब्यात मिठाची पुडी.

मागून येणारी एक माळवी म्हातारी हसली, "बाई, पूरो रसोड़ो उठई लई कई?"

"घर पे भी इत्ताच है, माँजी."

ते खोटं नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा जयूताईच्या घराचा पुढचा भाग गेला. मागच्या पडवीची एक पट्टी उरली, तिचं स्वयंपाकघर झालं. त्याच सुमारास मधुमेहानं तिच्या नवऱ्याची, यज्ञेश्वरदादांची, नजर गेली. बँकेत नोटांच्या थप्प्या हाताळलेला माणूस घरात भिंती चाचपू लागला.

जयूताईनं पितळेची भांडी वाटून टाकली. गोल डब्यांत जागा फुकट जाते म्हणून चौकोनी डबे आणले आणि एका फळीवर ओळीनं लावले. मिठाच्या डब्याला सुतळी बांधली, तिखटाच्या डब्याला गाठ मारलेली चिंधी. टांगलेली कांद्याची टोपली दादांच्या डोक्याला लागली, तशी ती ओट्याखाली गेली. देव त्याच पट्टीच्या कोनाड्यात, आणि काडेपेटी कायम महादेवाच्या डाव्या अंगाला. मधोमध उभं राहिलं की सगळं हाताला लागायचं. फक्त साखर तेवढी वरच्या फळीवर. ती मुद्दाम.

हळूहळू दादा चहा करायला शिकले, मग खिचडी. पहिल्या खिचडीचा नैवेद्य जयूताईनं देवाला दाखवला होता. मंगलानंही ती खाल्ली होती. करपली होती.

"जास्त होतंय का, ताई? परतू या?" मंगलानं विचारलं.

"परतायचं कशाला. नागचंद्रेश्वराकडून यात्रेसाठी बळ मागून आणलंय, ते परत करायला त्याच्या देवळापर्यंत तरी जायला हवं." जयूताई पाणी प्यायली. "पोटात गाठ आहे गं. इंदूरला दाखवलं. पसरली म्हणाले."

मंगला तिच्याजवळ सरकली. "कोणाबरोबर गेली होतीस?"

"एकटी. नानाखेड्याच्या स्टँडवरून बस मिळते की."

"दादांना?"

"अजून नाही सांगितलं."

"शर्वरी नेईल ना त्यांना. पोटची पोर आहे."

"नेलं होतं तिनं पुण्याला. केवढं ते किचन तिचं. सगळं कप्प्यांत, कप्पे दारांआड. यांना प्यायचं पाणी सापडेना. दिवसभर सोफ्यावर बसून होते, पाहुण्यासारखे. परत आल्यावर आमच्या पट्टीत उभे राहिले आणि म्हणाले, जयू, इथं मला दिसतं."

वाटेवरून 'जय महाकाल' म्हणत एक जथा गेला. जयूताईनं बसल्या जागेवरून हात जोडले.

"दिवाळीचं आठवतं? सुनंदावन्सं आल्या होत्या."

मंगलाला आठवत होतं. वन्सं म्हणजे दादांची बहीण, मायेची बाई. वहिनीला आराम म्हणून तिनं सगळे डबे घासून, नव्यानं लावून दिले. उकळतं दूध ठेवलं पाण्याच्या तांब्याच्या जागी. दादांचा हात मनगटापर्यंत भाजला. फोड बरे झाले, पण त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला तो थेट होळीनंतर.

"पुन्हा तसं झालं, तर परत हिंमत द्यायला मी नसणार." जयूताईनं गठडीची गाठ आवळली. "मी गेले की माणसं येतील. रडतील आणि आवरायला लागतील. वाईट कोणी नाही गं, पण हात स्वस्थ बसत नाहीत. तू भांडखोर आहेस म्हणून तुला सांगते."

"मी भांडखोर?"

"दूधवाल्याला विचार."

मंगलाला हसू आलं आणि त्याच हसण्यात तोंडाला पदर लावावा लागला. जयूताईनं तो खाली ओढला.

"नंतर रड. आधी ऐक. ते तेरा दिवस तू माझ्या ओट्यापाशी उभी राहा. वन्सं रागावल्या तर रागावू दे. कोणी डबा उचलला, तर जिथला तिथंच ठेवायला लाव. सगळे आपापल्या घरी गेले की हे आत येतील चहा करायला. हात पुढे केला की चहाचा डबा लागला पाहिजे. एवढं कर."