पाचवा फाऊल

"मी हातसुद्धा लावला नाही तिला, बाबा."

"लावलास. कोपराला."

"तिचं कोपर कुठे, मी कुठे."

"शिट्टी वाजली ना? मग झालं."

"शिट्टी काय, कुकरचीही वाजते," मामी आतून म्हणाली.

मामा आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, दारातच जुंपले होते. दोघांच्या पायांत अजून मैदानातले बूट. बास्केटबॉलचा अंतिम सामना नुकताच संपला होता. दुसरे पंच आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून शिट्टी मामाच्या गळ्यात पडली, आणि त्याने पोटच्या पोरीला पाचवा फाऊल देऊन बाहेर बसवलं. पाच झाले की खेळाडू बाद. राज्याच्या संघासाठी मुली निवडणारे नेमके तेव्हाच येऊन बसले होते. निवडलेल्यांत ताई नव्हती.

आईची नोकरी बाहेरगावी, म्हणून मी मामाकडेच वाढले. मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर चाकावर वाकलेला, बोटं पांढऱ्या भुकटीने माखलेली. संध्याकाळी हात धुतले की पंच. इंग्रजी त्याचं यथातथाच, पण 'फाऊल' हा एक शब्द त्याने घरात लाडाने पोसला होता. मामीचं दूध उतू गेलं, फाऊल. शेजाऱ्यांनी जिन्यात सायकल आडवी लावली, ब्लॉकिंग. मोठ्यांना उलटून बोललं की टेक्निकल. त्यात मी आणि ताई अट्टल.

एकदा ताईच्या हातून गिऱ्हाइकाची काच फुटली. रडून रडून तिने विचारलं, "बाबा, हा गुन्हा आहे का?"

"छे गं. गुन्ह्याला पोलीस लागतो, पापाला देव लागतो. फाऊलला फक्त शिट्टी. हात वर कर, काचा गोळा कर, पुढे खेळ."

त्या काळी मैदानावर फाऊल करणाऱ्याने हात वर करायची रीत होती. आमच्याकडे ती जेवणाच्या टेबलापर्यंत आली होती. हात वर झाला की विषय मिटला. मागाहून कुणी टोमणा मारला, तर त्याचाही फाऊल. पुढे किती घरांत राहिले, पण इतकं सुटसुटीत भांडण कुठेच मिळालं नाही.

त्या दिवशी जेवताना मात्र भांड्यांचेच आवाज. शेवटी मामीला राहवेना. "जगाला चष्मे लावता, अहो, एकदा स्वतः लावून बघा."

मामाने हातातला घास ताटात ठेवला आणि हात वर केला.

"मला तुझी पाठ दिसली, हात दिसला नाही," तो ताईला म्हणाला. "घरची म्हणून सोडली, असं कुणी म्हणू नये, म्हणून घाईनेच वाजवली. माझा फाऊल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. मामीने वाढायला पळी उचलली. आमच्या हिशेबी विषय मिटला होता.

"मग मला काय मिळणार?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"फाऊल झाला की समोरच्याला फ्री थ्रो मिळतो. मला काय?"

इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

"उद्या जाऊन सांगतो त्यांना."

"संघ जाहीर झालाय, बाबा. तुम्ही हात वर केलात, तुम्ही मोकळे. मी?"

"टेक्निकल देऊ का गं हिला?" मामी माझ्याकडे बघून म्हणाली. नेहमी हसू यायचं त्यावर.

ताईने ताट उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले, लहानपणी परकराला पुसायची तसे कुर्त्याला पुसले. मामा खुर्चीतच वळला.

"सकाळी सरावाला येशील ना? मी लवकर येऊन जाळी बांधतो. फाटलीय ती."

तिने चपला पायांत सरकवल्या आणि दार ओढून घेत ती जिना उतरून गेली.