दादांच्या गाडीचा गंज

मी भित्री आहे आणि ते कुणापासून लपवत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी वडिलांची मोटार लागली होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ऐंशी कधीच ओलांडली त्यांनी. तरणेपणी मेंढरांमागे चालले, मग निरगुडसरला शेतीत रमले आणि एका वर्षी कांदा चांगला गेला तेव्हा ही चार दरवाजांची मोटार घेऊन आले. तेव्हाही ती जुनीच होती. आता तिचा मान वाढलाय. नवरदेवाला बसवायला लोक मागायला येतात, पोरं टेकून फोटो काढतात. दादा मात्र तिच्यातून मीठ नेतात. धाकटे चुलते अजून मेंढ्या राखतात. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, लोणीकडच्या रानात असतो आणि मेंढरांना चाटायला मीठ लागतं. ते पोतं पुढच्या सीटपाशी, दादांच्या पायाशेजारी असतं. खाली घोंगडी अंथरलेली, पायाला ऊब म्हणून.

मीठ सांडायचं, पावसाळ्यात चिखलाचे पाय यायचे, घोंगडी सगळं पिऊन घ्यायची. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. घोंगडीने पाऊस अडतो, हे आमच्या रक्तातच आहे. तीच घोंगडी पत्रा खाईल हे आमच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

गाडी उभी असते तिथं अंगण झाडताना मला गंजाचे तांबूस पापुद्रे सापडायला लागले, आणि माझी झोप उडाली. दादा लोणीला निघाले की चालत्या गाडीचा तळ गळून पडलाय आणि दादांचे पाय रस्त्यावर घासतायत, हेच डोळ्यासमोर. ते पोचेपर्यंत मी चुलत्यांना इतके फोन करायचे की एकदा ते वैतागून म्हणाले, "बाई, तूच ये मेंढरं राखायला, म्हंजी दिसंल तुला."

शेवटी पेठ गावाच्या पुढे हायवेला एक गॅरेज आहे, तिथं चौकशी केली. गॅरेजवाल्याकडे दोन उपाय होते. एक काळं, डांबरासारखं जाड कोटिंग. एकदा मारलं की आठ-दहा वर्षं बघायला नको. दुसरं मेणाचं, पातळ. ते दर पावसाळ्याआधी नव्याने मारायचं, पण त्याच्याखालून पत्रा दिसत राहतो आणि गंज धरला तर लगेच कळतं. मी मेण पक्कं केलं. काळ्याखाली गंज सुखात वाढला तर? वरून कीर्तन, आतून तमाशा. मला जे दिसत नाही त्याचीच जास्त भीती वाटते.

गाडी दादांनीच चालवत नेली. मी शेजारी दाराची मूठ धरून बसले होते, जणू तळ गेला तर मी मुठीला लटकणार होते. घोंगडी काढून ठेवू म्हटलं तर खेकसले, "ऱ्हाऊ दे तिला!"

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली आणि पेचकसाने तळ ठोकत ठोकत ड्रायव्हरच्या पायांच्या जागेखाली आला. तिथं पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर टोकाला काळी, ओली लोकर.

"बाबा, हितं पत्राच न्हाई," तो म्हणाला. "तुमी नुसत्या घोंगडीवर पाय ठिवून गाडी चालवत व्हता."

मला संताप आला आणि चारचौघांत मी दादांवर ओरडले. ते खाली बघत होते.

"मला ठाव व्हतं," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं पायाला खालनं गार लागायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू चावी काढून घेतली असती."

दादा चावीच्या खिशावर हात दाबून उभे होते. लांडग्यांच्या रानात एकट्याने रात्री काढलेला हा माणूस मला घाबरला होता. आणि खोटं कशाला बोलू, मी चावी घेतलीच असती.

गॅरेजवाल्याने कुजलेला पत्रा कापला, नवा वेल्डिंग करून बसवला. काम झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. फक्त कोटिंग राहिलं होतं.

"ताई, मेणच ना?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात दादांनी विचारलं, "ते किती दिस टिकतं?"

"मेण वर्षभर, बाबा. काळं आठ-दहा वर्षं."

"मग मेणच मार, राव," दादा हसून म्हणाले. "धा वर्साचं घिऊन मी काय करू? एका वर्साचं लई झालं."

बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडावी इतक्या सहज बोलले. मी जे ठरवून आले होते तेच ते सांगत होते, पण त्यांच्या तोंडून ते मला ऐकवेना.

"काळं मारा," मी म्हणाले.

"अहो ताई, तुमीच म्हणाला व्हता, काळ्याखाली गंज..."

"काळंच मारा. जाड मारा. दहा वर्षं टिकलं पाहिजे."

तो दादांकडे बघायला लागला. दादा माझ्याकडे बघत होते.

"मार बाबा काळं," ते त्याला हळूच म्हणाले. "पोरगी भ्यालीय."