मूकपटांच्या पुस्तिका आणि आम्ही तिघे

जुने कागद गोळा करायला निघालं की कागद मोजकेच हाती लागतात. किस्से मात्र न मागता जमतात. कागदांना निदान कसर तरी लागते, किश्शांना तीही लागत नाही! माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. गोष्ट सांगणं आपल्याला जमतं का, ही शंका मला आजही आहे. तरी सांगतो.

आम्ही तिघे. नव्वद सालच्या सुमारास कॉलेजातून रिटायर झालेला मी, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले गुळाचे व्यापारी शंकरआण्णा, आणि मुरगूडहून दर रविवारी एसटीनं येणारे दिनकरतात्या. तात्यांच्या घरी म्हशी आणि थोडा ऊस. कोल्हापुरात मूकपट निघायचे त्या काळी थिएटरात त्यांच्या पुस्तिका विकत. आठ-दहा पानं, थोडे फोटो आणि सिनेमाची गोष्ट. त्या पुस्तिका आम्ही जमवायचो.

मला इतिहासाची हौस, आण्णांना गोष्टींची. तात्यांचं वेगळं होतं. त्यांची आई लहानपणी एका मूकपटात, पाणवठ्याच्या प्रसंगात उभी राहिली होती.

"मी रांगत हुतो तवा ती गेली," त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं. "घरात फोटो न्हाई. पर आत्ती सांगायची, त्या पिच्चरच्या पुस्तकात तिला छापलीया. मला तेवढं एक पायजे. बाकीची तुमची तुम्ही ठेवा की!"

तेव्हापासून कुठलीही पुस्तिका आली की आधी तात्यांच्या हातात जायची. आत्तीनं सांगितलेलं सिनेमाचं नाव आहे का ते बघायचे आणि "ही न्हवं" म्हणून आण्णांकडे सरकवायचे.

*

या पुस्तिकांत गोष्ट पुरी छापत नसत! ऐन संकटात थांबवून खाली ओळ असायची, 'पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा.' आता पडदा कुठला? फिल्म केव्हाच नष्ट झालेली!

आम्ही आण्णांच्या दुकानावरच्या माडीत बसायचो आणि आण्णा मोठ्यानं वाचायचे. आतून त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, ऐकायच्या. एकदा राजकन्येला कड्यावरून ढकललं आणि गोष्ट संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांचा फोन, "सर, ती मेली का वाचली तेवढं सांगा. सकाळधरनं घरात चहा न्हाई!"

"आण्णा, पुरावा नाही. मी कसं सांगणार?"

फोन अक्कांनी घेतला. "पुरावा ऱ्हाऊ द्या, सर. वाचली म्हणा!"

"वाचली," मी म्हणालो. आयुष्यात पुराव्याशिवाय केलेलं माझं पहिलं विधान! नंतर दिवसभर मला चैन नव्हतं.

*

एका उन्हाळ्यात कसर मरावी म्हणून आण्णांनी सगळ्या पुस्तिका गच्चीवर मांडल्या. पलीकडे अक्कांनी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घातलेल्या. दुपारी वारा सुटला.

पुढच्या रविवारी आण्णा एका वनवासी राणीची कथा वाचायला बसले. दुसऱ्याच पानावर तिघांच्या डोळ्यांना धारा, नाकं लाल! गूळ न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक जिन्यातून डोकावलं. आमची अवस्था बघून त्यानं हळूच टोपी काढली.

"कवा झालं?"

आण्णा रुमालातून म्हणाले, "लई वर्षं झाली, पावणं. पर आवरत न्हाई!"

*

पेठ वडगावात एकाच्या घरी जुन्या तंबू-थिएटरचे कागद आहेत असं कळलं. आम्ही तिघे इस्त्रीचे कपडे घालून गेलो. घरमालकानं तोंडभरून स्वागत केलं. पाणी आलं, पानसुपारी आली. मग पदर घेतलेली एक मुलगी पोहे घेऊन आली आणि समोर पाटावर बसली.

मी घाबरलो. घाबरलो की माझा मास्तर होतो. मी विचारलं, "शिक्षण किती झालं?"

"बी.कॉम. झालंय."

"छान. गणित होतं का?"

तात्या मला कोपरानं ढोसत होते. शेवटी तेच म्हणाले, "पावणं, चूक झालीया. आम्ही रद्दी बघाय आलोय."

घरमालक उठून उभे राहिले. "पोरीनं पोहे दिल्यावर रद्दी मागत्यात! असली माणसं मी पैल्यांदाच बघाय लागलोय!"

मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. तिनंच माळ्यावरचं गाठोडं काढून दिलं. तात्यांनी एकेक नाव पाहिलं. "ही न्हवं. ही बी न्हवं." परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. आण्णांनी त्यांना शेंगदाणे दिले.

*

अक्कांचं माहेर निपाणीकडचं. आईच्या जुन्या ट्रंकेतल्या साड्या काढताना तळाशी अंथरलेले कागद त्यांनी उचलले, आणि साडीत गुंडाळून जसेच्या तसे आणले. त्यात एक पुस्तिका निघाली. तात्यांनी रिवाजाप्रमाणे आधी नाव पाहिलं. या वेळी "ही न्हवं" म्हणाले नाहीत. पुस्तिका त्यांनी माझ्याकडे दिली. "सर, तुम्ही उघडा."

मधल्या पानावर फोटो होता. पाणवठ्यावर घागरी घेतलेल्या चार-पाच मुली, दहा-अकरा वर्षांच्या. खाली कोणाचंच नाव नव्हतं. आता हा माणूस विचारणार, यातली कुठली? आणि मी काय सांगणार? मी भिंग लावलं. भिंगातून नुसते छपाईचे ठिपके दिसत होते.

आण्णांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तात्यांच्या तोंडाकडे. "कडंची."

अक्का मागून म्हणाल्या, "व्हय की. कडंचीच."

कडेची मुलगी बारीक डोळे करून, कपाळाला आठ्या घालून समोर बघत होती. शूटिंग भर दुपारी झालं असणार.

सत्तरीकडे झुकलेले तात्या फोटोवर वाकले.

"लई ऊन लागतंय व्हय गं, बाळ?" ते म्हणाले, आणि फोटोवर हाताची सावली धरून बसले.