इंजिनात टाकलेली हळद

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण कोणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात.

आमच्याकडे गोल नाकाची जुनी पांढरी मोटार आहे. आता अशा गाड्या रस्त्यावर फार दिसत नाहीत, म्हणूनच लोक नवरदेवाला मिरवायला तिला बोलावतात. मालक, म्हणजे माझा नवरा, ती चालवतात आणि मी कडक भाकरी करून विकते. दोघांच्या कमाईत घर चालतं, म्हणजे कसंबसं चालतं.

मागच्या उन्हाळ्यात वैराग गावचं एक लग्न मिळालं. नवरदेवाच्या मामांनी गाडीचं सगळं भाडं आधीच हातात ठेवलं, आणि ते आमच्या थकलेल्या घरभाड्यात गेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी तापायला लागली. गाडी गेली नाही तर परत द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. सकाळपासून माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री घरीच आले. इंजिनाच्या अंगाला, जिथून आत पाणी फिरतं तिथं, पत्र्याच्या लहान वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. मिस्त्री त्यांना डमी म्हणतात. बोअरच्या खारट पाण्यानं त्या गंजून गेल्या होत्या. मिस्त्रींनी एका वाटीच्या कडेवर हातोडा मारला, वाटी आत तिरकी झाली. पकडीनं ओढून काढली तर मागून पिवळा गाळ आला.

"आता हे काय?" मिस्त्री मालकांना म्हणाले.

"हळद. गळाय लागली की टाकतो थोडी. फुगून बसती, गळती थांबती."

"थोडी? नवरदेवाच्या आदी इंजिनालाच हळद लावली की तुमी! वहिनी, आमटीला काय ठिवली का न्हाय?"

गल्लीतली माणसं हसली. मी खाली बघत राहिले. हळद माझ्याच डब्यातली होती. तीच आत साचून पाण्याच्या वाटा बुजल्या होत्या, म्हणून गाडी तापत होती.

माझा हात बारीक, म्हणून वाट्यांची भोकं आतून घासायचं काम माझ्याकडे आलं. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून मी बॉनेटखाली वाकून घासत होते. रस्त्यावर असं उभं राहायची मला सवय नाही. येणारा-जाणारा थांबून बघायचा. पहाटे भाकरी थापून पाठ आधीच धरली होती. मिस्त्रींनी नव्या वाट्यांना चिकटवायचा मसाला लावून त्या ठोकून बसवल्या. दुपार टळली तेव्हा पाणी भरलं. मी गाडीखाली रद्दीचा पेपर अंथरला होता. तो मागच्या बाजूनं भिजायला लागला.

"मागून गळतंय," मी हळूच म्हटलं.

मिस्त्री खाली वाकले. "वहिनी बरोबर सांगत्यात. एक डमी पाठीमागं हाय, गिअरबॉक्सच्या आड. समदं उतरवाय लागंल. दोन दिस तर लागतील."

"उद्या लगीन हाय, दोन दिस कुटनं आणू?" मालक माझ्याकडे वळले. "हळद आण."

"अजून?" मिस्त्री म्हणाले.

"उद्यापुरती. परत जलमात न्हाय टाकणार."

मी डबा आणून दिला. गळती थांबली. मिस्त्रींनी हत्यारं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी वैरागच्या अलीकडेच ती मागची वाटी निघाली. सगळं पाणी रस्त्यावर गेलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. संध्याकाळी मालक घरी आल्यावर मामांचा फोन आला. मालकांनी तो माझ्याच हातात दिला.

"आमचा नवरदेव दुधाच्या टेम्पोत मिरवला, वहिनी. फेटा बांधून, किटल्यांच्या मधी. पावनं अजून हसत्यात. आमचं पैसं तेवढं परत करा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. दर महिन्याला थोडं थोडं देते म्हटलं. त्या दिवसापासून भाकरीचं पीठ वाढवलं. हाताला उष्णता लागून लागून बोटांची कातडी निघाली. नंतर दुखायचंही बंद झालं. मामा कापडाच्या खरेदीला आमच्या शहरात, नवी पेठेत यायचे, तेव्हा एका दुकानाच्या पायरीशी मी त्यांना गाठायचे. मालक कधी आले नाहीत, मीही या म्हटलं नाही. पहिल्या वेळी नोटा पुढं करून तशीच माघारी फिरले. पुढं पुढं "घ्या" एवढं म्हणायला लागले.

परवा शेवटचे दिले. मामांनी पैसे खिशात घातले.

"फिटलं समदं, वहिनी. घरी सांगा."

"व्हय," मी म्हटलं.

घरी मालक दारातच बसले होते. मी चप्पल काढली, पंख्याखाली बसले आणि सांगितलं की आता मामांचा एक रुपयाही आपल्याकडे राहिला नाही.