लिंबाचे आठ दिवस

आज सकाळी बाल्कनीतल्या लिंबाची पानं कडांनी आत वळलेली दिसली आणि तो जुना उन्हाळा आठवला. हिंजवडीत सातव्या मजल्यावर राहायला येऊन मला वर्षच झालं होतं, आणि बाबा पहिल्यांदाच मुक्कामाला आले होते. वऱ्हाडातल्या संत्र्याच्या बागेत जन्म गेलेला माणूस. ड्रममधलं माझं हिरवंगार, पण एकही फूल न आलेलं लिंबू त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "लाड पुरे झाले. आठ दिवस पाणी नोको देऊ. जिवावर बेतलं की झाड फुलावर येते." चौथ्या दिवशी पानं मलूल झाली. लॅपटॉप उघडून बसले तरी माझं लक्ष तिकडेच. कॉल चालू असताना उठून दाराशी जायचे, परत यायचे. शेवटी सहाव्या दिवशी, कंपनीची बस गाठायच्या घाईत, बाबा अंघोळीला गेलेले पाहून मी तांब्याभर पाणी ओतलंच. संध्याकाळी परतले तर पानं टवटवीत, आणि बाबा ड्रमजवळ बसलेले, बोट मातीत खुपसून. "झाड थांबून राह्यलं होतं, पोरी," ते म्हणाले, "तुलेच दम नाही निघाला." आता दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते, आणि त्यांचं परतीचं तिकीट परवाचं होतं. फुलं न पाहताच ते गेले. पुन्हा त्यांचं येणं झालंच नाही. या खेपेचा आज सहावा दिवस. भरलेला तांब्या ओट्यावर आहे आणि मी सकाळपासून चौथ्यांदा बाल्कनीत येऊन उभी आहे, हात पाठीमागे घट्ट धरून.