साहेबाचे डोळे

कारागिराला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची, आणि पोटापाण्यासाठी वाट्याला आली होती लोकांची डोकी. वडील गेले तेव्हा त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून मागे उरलं. हा एका खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, तो राहिलाच. कोंडा, मानेवरच्या पुटकुळ्या, कानातून डोकावणारे केस, हे सगळं तो श्वास रोखून उरकायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय एकाग्र माणूस आहे. घरी आला की आधी मोरी गाठायचा आणि कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही शिवायचा नाही.

"अहो, एक दिवस कातडी निघेल हाताची," बायको म्हणायची.

अशा माणसाच्या घरी सासरे कायमचे राहायला आले आणि येताना एक बॅग आणि टेम्पोभर पिंजरे घेऊन आले. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. सारा जन्म त्यांनी पाण्याच्या पंपघरात नोकरी केली होती. बायको गेलेली, नोकरी संपलेली, पंपघराशेजारची खोली सोडावी लागलेली. म्हाताऱ्या बापाने मुलीकडे येणं यात गैर काहीच नव्हतं. पिंजऱ्यांबद्दल मात्र कोणी आधी चकार शब्द काढला नव्हता.

पिंजऱ्यांत होत्या तुऱ्याच्या कोंबड्या. साध्या कोंबडीला डोक्यावर लाल मांसल तुरा असतो. इथे त्या जागी कोबीच्या गड्ड्याएवढा पिसांचा गोळा होता, सगळीकडून खाली लोंबणारा. चोच तेवढी दिसायची. डोळे कुठे असतील याचा अंदाजच करावा लागायचा.

"ही जात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांकडे उरलीय, जावईबापू," अप्पा अभिमानाने म्हणाले.

उरलेल्यांनीही सोडून का दिली नसेल, असं कारागिराच्या मनात आलं.

मागच्या अंगणात पत्र्याखाली खुराडं उभं राहिलं आणि पंधरवड्यात घराला एक नवा वास लागला. ओल्या भुशाचा, आंबलेल्या दाण्याचा, विष्ठेचा. तो पडद्यांत शिरला, उशीत शिरला. कोंबड्या पाणी प्यायल्या की तुरा भिजायचा, भिजलेला तुरा घाणीत माखायचा आणि वाळून खपली धरायचा. अप्पा एकेकीला मांडीवर घेऊन तोंडाने तुऱ्यावर फुंकर मारत, पिसं बाजूला सारत आणि मुळाशी उवा शोधत. सापडली की नखावर चिरडत. मग त्याच हाताने चहाचा कप उचलत. कारागीर आपला चहा गुपचूप मोरीत ओतून टाकायचा.

या सगळ्या गोतावळ्यात एक पांढऱ्या तुऱ्याचा काळा कोंबडा होता. अप्पा त्याला साहेब म्हणत. साहेबाचा गोळा सर्वांत मोठा होता आणि स्वभाव सर्वांत गरीब. अप्पांच्या हातावर तो तासन्‌तास बसायचा, हूं की चूं नाही.

"याला उपजतच माणसाची ओढ आहे," अप्पा सांगायचे. "रक्तातच असावं लागतं ते." एकदा जेवताना दारातून अंगणातल्या एका करड्या कोंबडीकडे बोट करून म्हणाले, "ही याची मुलगी. पुढच्या खेपेला हिला याच्यासोबतच सोडायची."

कारागिराने घास खाली ठेवला. "मुलगी म्हणता आणि..."

"कोंबड्यांत कसलं आलंय नातं. हिची आईही याचीच बहीण होती. असं घरातल्या घरात केलं तरच तुरा भरतो, नाहीतर दोन पिढ्यांत उतरतो."

बायको पोळी वाढायला आली होती ती तशीच मागे फिरली. त्या दिवसापासून कारागिराने अंडं खाणं सोडलं.

मग अप्पांना खोकला झाला आणि डॉक्टरांनी खुराड्यातली धूळ बंद केली. बायको सकाळीच शिवणाच्या कारखान्यात जायची, त्यामुळे ते काम कारागिरावर आलं. केस रंगवायचे हातमोजे चढवून, नाकाला रुमाल बांधून तो आत शिरायचा. श्वास रोखून घाण खरवडायचा.

एका सकाळी त्याला कोपऱ्यात गर्दी दिसली. एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, भिंतीला चिकटून बसली होती आणि बाकीच्या तिच्या तुऱ्यातली पिसं उपटून खात होत्या. तिला समोरून येणारी चोच दिसतच नव्हती, मग पळणार कुठे. डोकं रक्ताने माखलं होतं. त्याने तिला उचललं आणि ओल्या कापसाने रक्त टिपू लागला. टिपता टिपता त्याचं बोट टाळूवर दबलं. तिथे हाड नव्हतं. कातडीखाली काहीतरी मऊ होतं आणि ते धडधडत होतं.

तो अंगणाच्या कडेला जाऊन ओकला. मग तोंड धुऊन अप्पांच्या खाटेशी आला.

"तिच्या डोक्याला भोक आहे, अप्पा."

"असणारच," अप्पा उशीला टेकत म्हणाले. "चांगल्या जातीत असतंच. कवटी तिथे वर फुगते, म्हणून तर एवढा तुरा उभा राहतो."

"आणि आत मेंदू?"

"येतो थोडा वर. त्याने काही होत नाही. जपायचं असतं."

तलंग संध्याकाळपर्यंत मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरली आणि मेली. कारागिराने तिला पुरलं, हात धुतले, परत धुतले. ही किळस त्याला नवी होती. आजवर त्याला वासाची आणि घाणीची यायची, आणि ती साबणाने जायची. ही जाईना. अप्पा शांतपणे 'जपायचं असतं' म्हणाले होते, ते कानातून जाईना.

अप्पा बरे झाले ते तुऱ्याच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनाच्या तोंडावर. साहेबाला मोरीत, कारागिराच्या बादलीत, शाम्पूने न्हाऊ घातलं गेलं. सलूनमधला केस वाळवायचा ड्रायर मागून आणला गेला. बायकोने डोळ्यांनीच विनवलं म्हणून कारागिराने तो दिला. नंतर गिऱ्हाइकांसाठी त्याने नवा घेतला.

पिंजरा उचलायला तोही प्रदर्शनाला गेला. मोठ्या दालनात टेबलांवर रांगेने पिंजरे होते आणि प्रत्येकात एकेक गोळा. माणसं त्यांच्याभोवती फिरत होती, तुऱ्याचा घेर डोळ्यांनी मोजत होती. एक पक्षी पाण्याची वाटी शोधत होता, चोच वाटीच्या शेजारी आपटत होता, आणि त्याचा मालक कुणाला तरी सांगत होता, "तुरा बघा, कुठून विस्कटलाय का?" परीक्षकाने साहेबाला हातात घेतलं, त्याच्या तोंडासमोर बोट हलवलं. साहेब ढिम्म.

"वा. स्वभाव किती शांत," परीक्षक म्हणाला.

साहेबाला पहिलं बक्षीस मिळालं. लोक अप्पांचे हात हातात घेऊन दाबत होते. अप्पांचे डोळे भरून आले होते. कारागिराला त्या दालनात श्वास घेववेना. तिथे वास फारसा नव्हता, सगळे पक्षी स्वच्छ धुतलेले होते. तरीही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, सलून बंद. जेवणानंतर अप्पा झोपले. कारागिराने अंगणात स्टूल टाकलं, साहेबाला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं आणि फणी-कात्री काढली. समोरची पिसं उतरली तसे आत पापण्यांवर साचलेले चिकट थर दिसले. त्याने मान वळवली, परत आणली, कोमट पाण्याचा कापूस लावून ते थर सोडवले. आतून एक नारिंगी डोळा उघडला. बाहुली उजेडाने बारीक झाली. साहेबाने आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं आणि पायांची एकदम जोराची धडपड केली.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्यांचे डोळे मोकळे केले.

अप्पा उठून बाहेर आले. जमिनीवर पांढरी पिसं पसरली होती.

"हे काय केलंत?"

"दिसत नव्हतं त्यांना."

"बक्षीस मिळालेला कोंबडा आहे तो."

"माहीत आहे."

अप्पा आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रात्री बायको त्याला म्हणाली, "विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"म्हणूनच विचारायचं असतं."

अप्पांनी बरेच दिवस अबोला धरला.

तो मोडला साहेबाने. एका सकाळी अप्पांनी नेहमीसारखा हात पुढे केला. साहेबाने मान तिरकी करून तो हात पाहिला आणि दोन्ही पाय उगारून झेप घेतली. पायामागची अणकुचीदार नखी अप्पांच्या मनगटात रुतली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी परत प्रयत्न केला, तेव्हा पोटरी फाटली.

कारागीर पाणी आणि कापूस घेऊन त्यांच्या पायाशी बसला. म्हाताऱ्या पायाची जाड पिवळी नखं, सुजलेल्या शिरा, वाहणारं रक्त. त्याने ओठ घट्ट मिटून जखम धुतली.

"दोन वर्षं माझ्या हातावर बसायचा," अप्पा म्हणाले. "मला ओळखत नाही का तो?"

"त्याने तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं, अप्पा."

अप्पा मनगटावरच्या जखमेकडे बघत म्हणाले, "म्हणजे तो घाबरून बसायचा."

कारागिराने पट्टी बांधली.

पुढच्या खेपेला अप्पांनी साहेबाच्या मुलीला वेगळं ठेवलं. कुठूनतरी बारक्या तुऱ्याची, परक्या रक्ताची एक थोराड कोंबडी आणली आणि साहेबासोबत सोडली. पिल्लं झाली. त्यांच्या डोक्यावर लिंबाएवढे गोळे आले आणि ती घार दिसली की पत्र्याखाली पळायची. "कालवणात घालण्याच्याच लायकीची," असं म्हणत अप्पा त्यांना दाणे टाकायचे.

कारागिराला कोंबड्या आवडू लागल्या, असं मात्र झालं नाही. पिसं परत वाढली की त्याला कात्री घ्यावी लागायची, आणि दर वेळी नंतर कोपरापर्यंत हात घासावे लागायचे. पण आता पक्षी धरायला अप्पा बसायचे.

एकदा प्रदर्शनातला एक गृहस्थ अस्सल जोडी मागायला घरी आला. अप्पांनी त्याला खुराडं दाखवलं.

"जात बिघडवलीत तुम्ही," तो म्हणाला.

"बिघडवली," अप्पा म्हणाले आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कारागिराने त्यांचं ताट झाकून ठेवलं.