वाटी-वाटीच्या तेलाची खिडकी

हे आजच सांगते, आत्ताच, न्हाईतर परत धीर व्हायचा न्हाई. तालुक्याला टायपिंगच्या क्लासात बाई बाहेर गेल्यात, नेटचा कॉम्प्युटर मोकळा हाय, म्हणून इथं बडवायलेय. चुका तशाच राहू द्या. आमच्या विहाराची काचेची खिडकी फुटली ना, सगळी वस्ती म्हणती उन्हानं फुटली. माझ्यामुळं फुटली.

मला काच कशी येती ते आधी सांगते. दहावीनंतर दोन वर्षं मी हैदराबादला मामाकडं होते. मामाच्या शेजारी एक उस्ताद राहायचे, जुन्या हवेल्यांच्या रंगीत काचा दुरुस्त करणारे. त्यांच्या अंगणात बसून बसून शिकले. खिडकीएवढा कागद घ्यायचा, पूर्ण चित्र काढायचं, एकेका तुकड्याला नंबर द्यायचा. काचेवर कटर एकदाच ओढायचा. कर्र असा सलग आवाज आला पायजे. मग खालून टकटक केलं की काच चिरेवरून सुटती. दोन तुकड्यांच्या मधी शिशाची मऊ पट्टी बसवायची, दोन्ही बाजूंनी खाच असती तिला. सांध्यांवर कथलाचा डाग द्यायचा. आन शेवटी फटी बुजवायला लांबी. खडूची पूड जवसाच्या तेलात मळायची, ब्रशनं पट्टीच्या खाली कोंबायची, आन वाळू द्यायची. उस्ताद रोज म्हणायचे, "बेटी, तेल सुक्के बगैर कांच खड़ा नक्को करो." रोज म्हणायचे!

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत जळालेलं एक घर परत कुणी बांधलंच न्हाई, त्या जागेवर वस्तीनं विहार बांधला. समोरच्या भिंतीत वर एक गोल मोकळा ठेवलेला. मी म्हणलं, मी करते. मधी पिंपळाचं पान, भोवती पंचशील ध्वजाचे पाच रंग. उस्तादांनी त्यांच्याजवळचा निळा तुकडा दिला, एकच होता. अर्ध्या वाटेपासून पुढं गाडीत लय गर्दी, मी तो मांडीवर लेकरासारखा धरून आणला.

वस्तीतले काका लोक रोज बघायला यायचे. "पोरगी काच कापायली म्हणं. बोटं मोजून ठेव गं, संध्याकाळी हिशोब लागला पायजे!"

सगळं जमलं. खरंच जमलं. मग मी फक्त एवढं म्हणलं, "थोडं जवसाचं तेल लागंल."

आता आमच्या वस्तीचा नियम असा, की विहारात प्रत्येक घराचं काहीतरी लागलंच पायजे. वाळू घरटी आली, पाणी घरटी आलं, मजुरीचा एक दिवस घरटी. मग तेल एकाच घरचं कसं चालंल? दुसऱ्या दिवशी बाया वाट्या घेऊन दारात. कुणाचं जवसाचं, कुणाचं करडईचं. पलीकडच्या घरातली आत्या आली, तिच्या वाटीत शेंगदाण्याचं.

"आत्या, हे शेंगदाण्याचं हाय गं."

"मंग? माज्या घरच्या तेलाचा इटाळ व्हायलाय का तुज्या खिडकीला?"

बाया हसल्या. आत्यापण हसली. पण वाटी तिनं मागं घेतली न्हाई. गावातल्या हॉटेलात तिला आजपण कपात चहा देत न्हाईत, मी तिची वाटी परत करू? करडई उशिरा वाळती, शेंगदाण्याचं तर वाळतच न्हाई, हे मला ठाऊक होतं. मी सगळ्या वाट्या एकाच घमेल्यात ओतल्या.

तिसऱ्या दिवशी लांबीला खिळा लावून बघितला. लोण्यात जावा तसा गेला. पाचव्या दिवशी पण तसाच. भुसा टाकला, खडूची पूड टाकली, वैशाखाच्या उन्हात ठेवली तर उलटं तेल पाझरायलं. खरवडून नव्यानं भरावी म्हणलं तर सगळे विचारणार, का? मग काय सांगू, कुणाचं तेल वाईट होतं? पौर्णिमा दोन दिवसांवर. भन्ते येणार, मांडव पडलेला. मी रातीतून उठून उठून खिळा टोचून बघायचे. आई म्हणली, "नजर लागली हिला."

काका लोक दोरखंड घेऊन आले. "काय इंजिनेर बाई, चढवायची का?"

तवा न्हाई म्हणता आलं असतं. एक शब्द होता. मी म्हणलं, "चढवा."

चढवली. वस्ती खाली उभी, टाळ्या वाजवल्या. दुपारी ऊन सरळ त्या गोलावर आलं, आन मी बघत होते, शिसं मधोमध फुगायलं, वरची निळी काच कडेनं सुटायली. आत्या शेजारणीला बोट दाखवून सांगत होती, "त्यात माजं बी तेल हाय बरं का." तेवढ्यात निळी खाली आली. फरशीवर. मग केशरी. मग पान मधून वाकलं. कुणाला लागलं न्हाई, एवढंच.

पौर्णिमेला भन्ते आले तवा तिथं पत्रा ठोकलेला होता. कुणी मला बोललं न्हाई. कुणीच न्हाई! उलट म्हणायले, ऊनच लय, पोरगी काय करंल. चार दिवसांनी आत्या घरी आली, उंबऱ्यातच उभी राहिली. "माज्या तेलानं तर न्हाई ना झालं गं?"

"न्हाई आत्या. उन्हानं."

तिचा चेहरा असा मोकळा झाला, की मला खरं परत तोंडात आणता आलं न्हाई.

आता उस्तादांचं पत्र आलंय. दुसरी निळी काच मिळाली, ह्या वेळी घाई अजिबात करू नको म्हणून. मी उद्या गावाला चाललेय. आन आईचा निरोप आलाय, वस्तीत तेल काढून ठेवायलेत, आत्यानं ह्या बारीला तांब्याभर ठेवलंय. घेतलं तर खिडकी परत पडणार. न्हाई म्हणलं तर आत्याला त्याच घडीला सगळं कळणार, पहिलीचं पण. सकाळपासून सहा कागद फाडले, तिला काय बोलायचं ते लिहून बघायलेय, एक वाक्य धड न्हाई.

तुमच्यासोबत झालंय का असं? कुणी एवढ्या जीवानं काही दिलं, की ते चालणार न्हाई हे ठाऊक असून तुमी घेतलं? मग त्या माणसाच्या तोंडावर तुमी काय म्हणलात? खरंच सांगा. मला उद्याच्या आत पायजे.